सेप्सिसमध्ये डेलिरियमचा अंदाज: डॉपलरच्या पीआयवर किती भरवसा ठेवावा?

आयसीयू_सोलापूर: सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या) पेशंटला पहिल्या 24 तासांत ट्रान्सक्रेनियल डॉपलर (कवटीतून मेंदूच्या धमन्यांतला रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) करून डेलिरियमचा (अचानक येणाऱ्या मानसिक गोंधळाचा) धोका आधीच ओळखता येतो का? वेगळं यंत्र नाही, इकोचं मशीन आहे. पीआय (पल्सॅटिलिटी इंडेक्स) 1.3 च्या वर गेला की धोका, असं वाचलंय.

मेंदू_डॉपलर: इकोचा फेज्ड अ‍ॅरे प्रोब 2 मेगाहर्ट्झवर चालतो. कानापुढे, गालाच्या हाडाच्या कमानीच्या वर टेकवा. मिडल सेरेब्रल धमनी 45 ते 60 मिमी खोलीवर मिळते, प्रवाह प्रोबकडे येणारा. सिस्टोलिक वेगातून डायस्टोलिक वेग वजा करून सरासरी वेगाने भागलं की पीआय. हे गुणोत्तर आहे, म्हणून कोन चुकला तरी फारसं बिघडत नाही. नुसता वेग मात्र 30 अंशांच्या चुकीने 13 टक्के कमी दिसतो. वयस्कर बायकांमध्ये पुष्कळदा खिडकीच (ध्वनिलहरी आत जातील अशी हाडाची पातळ जागा) मिळत नाही; तिथे ओढूनताणून आकडा काढू नका.

1.3 हा आकडा थोड्याच पेशंटांच्या अभ्यासातला आहे. खरा घोळ कार्बन डायऑक्साइडचा. सेप्सिसमध्ये श्वास जोरात चालतो, सीओटू उतरतो, मेंदूतल्या बारीक धमन्या आकसतात आणि पीआय चढतो. म्हणून त्याच वेळचा एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) हवाच. मंद नाडी आणि ताठरलेल्या धमन्यांनीही पीआय वाढतो. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असेल तर किमान 10 ठोक्यांची सरासरी घ्या.

भूलतज्ज्ञ_४१३: डॉपलर कितीही नीट केला तरी पडताळणी कॅम-आयसीयूनेच (आयसीयूत डेलिरियम ओळखायच्या, अक्षरं ऐकवून लक्ष तपासणाऱ्या चाचणीनेच) होणार, आणि सोलापुरात ती भाषेवर अडते. पूर्व भागातल्या तेलुगू आजोबांना इंग्रजी ‘ए’वर हात दाबायला सांगून काय कळणार? आकडे वापरा: 8 1 7 5 1 4 1 1 3 6, एक ऐकला की हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष टिकत नाही. तेलुगूत ‘ओकटि’, कन्नडमध्ये ‘ओंदु’. यंत्रमागावर आयुष्य गेलेल्यांना कमी ऐकू येतं, आधी कानाशी बोलून खात्री करा. रास (पेशंट किती जागा आहे ते सांगणारी मोजपट्टी) उणे 4 किंवा 5, म्हणजे हाकेला प्रतिसादच नसेल तर चाचणी होतच नाही. निपचित पडलेला पेशंट ‘शांत आहे’ म्हणून सोडू नका; तोच डेलिरियम निसटतो.

आयसीयू_सोलापूर: पीआय 1.5, सीओटू 28 आला तर?

मेंदू_डॉपलर: त्या पीआयवरून निष्कर्ष काढू नका. सीओटू 35 च्या पुढे आला की पुन्हा मोजा. पण अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढलेलं) असताना निव्वळ आकड्यासाठी व्हेंटिलेटरचा रेट कमी करू नका, पीएच कोसळेल. तोवर मिडाझोलम (झोपेचं औषध) टाळा, रात्री दिवे मंद ठेवा, चष्मा आणि श्रवणयंत्र घरून मागवा. त्यासाठी डॉपलरची वाट पाहायची गरज नाही.