प्रतिसाद: सगळेच स्वस्त पाने टाकाऊ नसतात

घरी गाडीची कामं करायला कुठली अवजारं घ्यावीत, या तुमच्या प्रश्नावर स्वस्त पाने (नट-बोल्ट फिरवायचे स्पॅनर) आणि अवजारं म्हणजे पैसे पाण्यात, हे वरच्या दादांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. हातोडी, तारेचा ब्रश, नरसाळं यात महागाचं घेऊन करायचंय काय? प्रश्न आहे तो पान्याच्या तोंडाचा. पोलाद मऊ असलं की जोर लावताना तोंड फाकतं, पाना घसरतो आणि बोल्टचे कोपरे झिजून गोल होतात. मग बोल्ट काढायला लेथवाल्याकडे खेटे. म्हणून १०, १२, १४ आणि १७ मिमीचे रिंग पाने (बोल्टचं डोकं सगळीकडून धरणारे, बंद तोंडाचे) तेवढे क्रोम व्हॅनेडियमचे, म्हणजे कडक पोलादाचे घ्या. जालंधर-लुधियानाचा देशी माल घरच्या कामाला पुरतो (जर्मन मालाची हौस असेल तर वेगळं). सॉकेट (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखं बसणारं अवजार) आतून सहा कोनीच बघा. बारा कोनी गंजक्या बोल्टवर लवकर निसटतं. जुन्या जपानी बाइकच्या स्क्रूची खाच फिलिप्सपेक्षा (नेहमीच्या अधिक-चिन्हाच्या खाचेपेक्षा) थोडी वेगळी असते, तिथे जेआयएस (जपानी मानक) टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा.

सांगलीत असाल आणि कुपवाड एमआयडीसीतला कुणी फिटर ओळखीचा असेल, तर खरेदीला त्यालाच सोबत न्या. गाडी कुठली आहे तुमची? बाकीची मापं त्यावर ठरतील.