शब्दचर्चा: ‘फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

पायवाट:
मी ठाण्याची. किनेसिऑलॉजीत, म्हणजे शरीर कसं हलतं त्याच्या शास्त्रात, पीएचडी चालू आहे. (‘चलनशास्त्र’ असं भाषांतर करून सांगितलं तर मामांना वाटलं नोटाबंदीवर करतेय.) तुर्भ्याला एपीएमसीत माथाडींकडून जागतिक आरोग्य संघटनेची जीपॅक प्रश्नावली भरून घेते. १६ प्रश्न: काम, येणं-जाणं, फावला वेळ आणि बसून जाणारा वेळ. मसुद्यात मी ‘व्यायाम’ लिहिलं होतं. पहिल्याच माणसाने नुकती ५० किलोची गोणी टेम्पोत टाकली होती, मानेवर घामाने चिकटलेला तागाचा भुसा तसाच. म्हणाला, “व्यायाम? छे मॅडम, वेळ कुठाय.” मी शून्य मांडलं आणि ठाणे लोकलमध्ये बसल्यावर स्वतःचीच लाज वाटली. गाइड म्हणतात ‘शारीरिक हालचाल’ करा. बाबा म्हणतात, हालचाल फक्त पेशंटची नाहीतर संशयिताची असते. मंगळवारी फॉर्म छापायला टाकायचेत. सुचवा.

कोपरीकर:
बाबांना अनुमोदन. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नातेवाईक फोनवर हेच विचारायचे, “हालचाल आहे ना?”

शुद्धमती:
‘शारीरिक क्रियाशीलता’. विषय संपला. शिवाय ‘हालचाल’मधला ‘हाल’ अरबी आहे.

येऊरची चढण:
तो हिंदीतला. तिकडे ‘हालचाल’ म्हणजे खुशाली. आपली हालणे-चालणेवरून आलेली, अस्सल घरची आहे. आणि ‘क्रियाशील’ म्हटलं की मला पक्षाचे सभासदच आठवतात.

नौपाड्याचे अण्णा:
व्यायाम या शब्दावर उगाच राग काढू नका. वि + आ + यम्. यम् म्हणजे ताणणे, आवरणे. आयाम, प्राणायाम, सगळी एकाच घरची मंडळी. गोणी उचलताना अंग ताणलं जातंच, मग व्युत्पत्तीने तो व्यायामच. शब्द थिटा नाही.

पायवाट:
अण्णा, धातू माथाडीला समजावत बसू का? आमच्या विषयात १९८५ पासून दोन्हींत फरक करतात. स्नायूंनी शरीर हललं आणि त्यात ऊर्जा खर्ची पडली की झाली फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी. त्यातलं जे ठरवून, आखून, पुन्हा पुन्हा, तब्येतीसाठी केलं जातं, तेवढाच व्यायाम. मला मोठ्या डब्याचं नाव हवंय, आतल्या छोट्या डब्याचं नको.

हमालपुत्र:
माझे वडील वाशी मार्केटला माथाडी होते. गावी पाटणला असताना तालमीत जायचे, जोर-बैठका, सगळं. इथे आल्यावर दिवसाला पन्नास-साठ पोती वाहायचे आणि आईला म्हणायचे, “मुंबईत आलो आणि व्यायाम सुटला.” आमच्याकडे शब्द ‘अंगमेहनत’. तोच ठेवा.

शुद्धमती:
मेहनतही अरबीच, मूळ अर्थ संकट, कसोटी. तालीमसुद्धा, म्हणजे शिकवण. ‘श्रम’ का नको?

हमालपुत्र:
श्रम म्हटलं की ओघानं श्रमदान आलंच. आणि संकट हा अर्थ चुकीचा कसा? पोतं उचलून बघा एकदा.

कोपरीकर:
अंगमेहनत छान आहे, पण तलावपाळीला तीन फेऱ्या मारून कुल्फी खाणारे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी अंगमेहनत करतात, असं छापलंत तर त्यांच्या बायकोलाच हसू फुटेल.

घंटीवाला:
मी टीएमटीत कंडक्टर होतो. लंडनच्या डबलडेकरवर जेरी मॉरिस यांनी अभ्यास केला होता, १९५३ ला प्रसिद्ध झाला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. त्यातला एकही कंडक्टर ‘मी व्यायाम करतो’ म्हणाला नसेल. आमच्याकडे जिना नव्हता, गर्दीत तिकिटं फाडत पुढून मागे सरकायचं. त्याला आम्ही ‘चेपून निघणं’ म्हणायचो. हा शब्द घ्या.

पायवाट:
😄 मॉरिस माझ्या पहिल्याच प्रकरणात आहेत. पण ‘चेपून निघणं’ला गाइड सही करणार नाहीत. बसण्याच्या प्रश्नाची तर वेगळीच गंमत. मी लिहिलं, “रोज किती वेळ बैठक असते?” एक जण म्हणाला, “आता जमत नाहीत, पूर्वी शंभर मारायचो.” दुसरा म्हणाला, “रोज नाही, आठवड्यातनं एकदा. आमची बायको पण येते बैठकीला.”

येऊरची चढण:
आणि तिसऱ्याने खंबा काढला असेल.

शुद्धमती:
म्हणूनच पारिभाषिक शब्द लागतो. पारिभाषिक शब्दाला दुसरा अर्थ नसतो.

हमालपुत्र:
पहिलाही नसतो, ताई.

पायवाट:
सध्या असं जुळवलंय: “कामात, येण्या-जाण्यात किंवा फावल्या वेळात अंग हलवावं लागतं का? म्हणजे ओझं उचलणं, जिने चढणं, भराभर चालणं.” नाव वगळून टाकलं. ‘मध्यम तीव्रते’ची कसोटी अशी: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. चालेल?

नौपाड्याचे अण्णा:
एक राहिलंच. त्याच यम् धातूचं भावंड ‘व्याम’: दोन्ही हात फैलावले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. त्यावरून आपला ‘वाव’. खोली मोजायचा तोही, आणि माझ्या मते ‘सुधारणेला वाव आहे’ मधलाही.

कोपरीकर:
दुसरा ओढूनताणून वाटतो.

नौपाड्याचे अण्णा:
ताणणे हाच तर धातू आहे.

घंटीवाला:
वाव आमच्या चेंदणी कोळीवाड्यात ऐकलाय. शेजारचे बाबा दारात बसून दोर मोजायचे. छाती पुढे, हात ताणून, एक वाव, दोन वाव, आणि मोजलेला दोर पायाशी पडत जायचा. मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून.

येऊरची चढण:
वाव की वांव? अनुस्वार आहे ना?

शुद्धमती:
पूर्वी होता. काढला.

कोपरीकर:
कोणी काढला?