गरीब देशांची कर्जमाफी: वडिलांना कसं पटवू?

शरणपूरची लेक: चर्चच्या युवक संघात बायबलमधलं लेवीय 25 वाचलं. पन्नासाव्या वर्षी, योबेलला, जमीन मूळ घराण्याकडे परत. 2025 च्या ज्युबिलीसाठी, म्हणजे चर्चच्या योबेल वर्षासाठी, पोप फ्रान्सिस यांनी गरीब देशांची कर्जं माफ करा म्हटलं, मला मनापासून पटलं. वडील म्हणतात, घेतलं ते फेडायलाच हवं.

निफाडचा बागाईतदार: ताई, झांबियाचं सांगा. 1979 मध्ये रोमेनियाकडून ट्रॅक्टर वगैरे उधारीवर घेतले. ते थकलेलं कर्ज 1999 मध्ये एका फंडाने सुमारे 33 लाख डॉलरला विकत घेतलं, आणि लंडनच्या कोर्टात मागितले साडेपाच कोटी! 2007 मध्ये दीड कोटीच्या आसपास मंजूरही झाले. माझ्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, दर हंगामात फेडतो. पण ही उघड लूट आहे.

नाशिकरोडच्या मावशी: बर्मिंगहॅमला 1998 मध्ये जी-8 या बड्या देशांच्या बैठकीच्या वेळी सुमारे 70,000 लोकांनी कर्जमाफीसाठी मानवी साखळी केली होती. चर्चची माणसं खूप होती त्यात. नंतर माफी वाढली, युगांडात तो पैसा प्राथमिक शाळांकडे वळला. वडिलांना हे सांग गं.

शरणपूरची लेक: मावशी, दादा, आभार. पण झांबिया 2020 मध्ये पुन्हा थकला. माफीनंतर कर्ज देणाऱ्यांवरही बंधन नको का?