हे झाड तगर की अनंत? नवी पाने पिवळी पडून कळ्या गळत आहेत

प्रश्न
नमस्कार. पुण्यात आमच्या गच्चीवर चौदा इंची कुंडीत पांढऱ्या फुलांचे एक झाड आहे. गेल्या पावसाळ्यात रोपवाटिकेतून ते तगर म्हणून आणले. मात्र फुलांचा दाट सुवास पाहता हा अनंत आहे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. दोन महिन्यांपासून शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडत असून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, खालची जुनी पाने चांगली आहेत आणि कळ्या हरभऱ्याएवढ्या होऊन गळतात. उन्हाळा म्हणून मी दोन्ही वेळा पाणी घालू लागले आणि शेणखतही दिले, पण पिवळेपणा वाढतच गेला. पाणी बोअरवेलचे आहे. झाड वाचेल का?

प्रतिसाद
प्रथम ओळख पक्की करावी, कारण दुहेरी पाकळ्यांची तगर आणि अनंत यांत फुलावरून फसगत होते. एक पान देठाजवळ तोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती तगर, म्हणजे कण्हेरीच्या कुळातली; चीक नसेल तर कॉफीच्या कुळातला अनंत.

प्रश्नकर्ती
चीक आला नाही. काल उमललेले पांढरेशुभ्र फूल आज सायीच्या रंगाचे झाले आहे.

प्रतिसाद
मग हा अनंतच, आणि आपण केलेल्या वर्णनावरून त्याला लोह मिळत नाही. नत्र (नायट्रोजन) कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी होतात. लोह मात्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे जात नसल्यामुळे त्याची उणीव शेंड्यावर दिसते. मातीत लोह नसते असे नाही, पण बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार साचून मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; 7 पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) वाढला की मुळांना ते घेता येत नाही, आणि अनंताला तर सामू 5 ते 6 च्या दरम्यान लागतो. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे व पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावे. पिवळी झालेली सगळीच पाने हिरवी होतील असे नाही. खरी पारख नव्या फुटव्यावरून करावी.

प्रतिसाद
वरील निदान मला पटते. आमच्या रत्नागिरीकडे आम्लधर्मी जांभ्या मातीत अनंत परसात फारशी निगा न राखता वाढतो. एक गोष्ट मात्र विचारावीशी वाटते: रोप लावताना मुळांभोवतीचा लाल मातीचा गड्डा सैल केला होता का? तो अनेकदा विटेसारखा घट्ट असतो. एकदा कोरडा पडला की पाणी कडेने निघून जाते, आणि रोज दोनदा पाणी दिले तर गड्ड्याभोवती चिखल राहून मुळे कुजतात. आता पाऊस तोंडावर आहे, तेव्हा ढगाळ दिवस पाहून रोप कुंडीतून काढा, गड्डा बादलीभर पाण्यात भिजवून बोटांनी हलकेच मोकळा करा आणि काळी, मऊ पडलेली मुळे कापून टाका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पालापाचोळ्याचे खत आणि थोडी माती यांच्या भुसभुशीत मिश्रणात पुन्हा लावून आठवडाभर सावलीत ठेवा. मुळे धरेपर्यंत शेणखत देऊ नका.

प्रश्नकर्ती
गड्डा मुळीच फोडला नव्हता. आत्ताच काडी खुपसून पाहिली. कडेची माती ओली आहे, पण मध्ये काडी शिरतच नाही. पाणी आजपासून थांबवते आणि पन्हाळीखाली पिंप ठेवून पावसाचे पाणी साठवते.