ऱ्हिदम वाजवणाऱ्यालाही नव्या गिटारीचे डोहाळे लागतात का?

मेहरूणकाठ (जळगाव)

नमस्कार. मी जळगावातील एका हौशी ऑर्केस्ट्रात गेली अकरा वर्षे ऱ्हिदम गिटार (म्हणजे गाण्यामागे तालात कॉर्ड, एकत्र वाजणारे स्वर) वाजवतो. गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराईतील हळदीचे कार्यक्रम धरून वर्षाला आमच्या पंचवीस-तीस मैफली होतात. माझ्याकडे यामाहाची जुनी पॅसिफिका गिटार आणि एकच ओव्हरड्राइव्ह पेडल (पायाने चालू करायचे, आवाज बदलणारे यंत्र) आहे. आमचा लीड (गाण्यातले ठळक सुरांचे तुकडे) वाजवणारा मित्र माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे आणि त्याने गेल्या दीड वर्षात दोन गिटारी, एक मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर व पाच पेडल्स घेतली, त्यांतील दोन पेडल्सची खोकी अजून फोडलेलीसुद्धा नाहीत. मी त्याची थट्टा करत असे.

आता थट्टा माझ्यावर उलटली आहे. मे महिन्यात पाचोऱ्याकडच्या एका हळदीत कार्यक्रम संपल्यावर तो सहज म्हणाला, "भो, तुनी गिटार ऐकूच येत नही." त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात टेलिकास्टर नावाची इलेक्ट्रिक गिटार शिरली आहे. घरातील सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर तिची छायाचित्रे पाहत बसतो. "कोण आहे ती?" असे पत्नीने एकदा विचारले, तेव्हा मी तिला गिटारीचे चित्र दाखवले आणि त्यानंतर ती अधिकच काळजीत पडली. गच्चीवर पत्रे टाकण्यासाठी बाजूला ठेवलेले पंचेचाळीस हजार रुपये घरात आहेत, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही.

माझे म्हणणे असे की, लीडवाल्याला नवनव्या वस्तूंची खरोखर गरज असते आणि ऱ्हिदमवाल्याची ती नुसती हाव असते, हा समज कितपत खरा आहे? आणि गिटार बदलल्याने माझी गिटार ऐकू येऊ लागेल का?

पांझरेकाठचा (धुळे)

मेहरूणकर भाऊ, मी धुळ्यात तीस वर्षे ऱ्हिदम वाजवला आणि आता फक्त शिकवतो. आपल्या पहिल्या प्रश्नात थोडे तथ्य आहे, पण त्याचे कारण माणसाच्या स्वभावात शोधण्याऐवजी तारेच्या स्वभावात शोधावे. लीडवाला एका वेळी एक स्वर वाजवतो आणि तो स्वर तार छेडल्याक्षणापासून विझू लागतो. ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन लावले की विझत चाललेला आवाज वर उचलून धरला जातो, म्हणून गाणाऱ्याच्या आलापासारखा लांबलेला स्वर त्याला मिळतो. त्याने पैसे मोजले की फरक पहिल्या रांगेतील पोरालाही कळतो. तेच पेडल आपण पाच तारांच्या मेजर कॉर्डवर लावले, तर त्या तारांच्या कंपनांची आपसांत सरमिसळ होऊन मुळात न वाजवलेले स्वर तयार होतात आणि कॉर्डचा चिखल होतो. जोरदार डिस्टॉर्शनवर वाजवणारे रॉक गिटारवादक कॉर्डमधील तिसरा स्वर गाळून फक्त षड्ज-पंचम का ठेवतात, त्याचे उत्तर यातच आहे.

सांगायचा मुद्दा असा की, पेडलच्या दुकानात आपल्या कामाचे फारसे काही नसल्यामुळे आपली हाव आख्ख्या गिटारीवर जाऊन बसते. माझी स्वतःची तीन वेळा बसली. तीनही गिटारी मी पुढे विद्यार्थ्यांना विकल्या, आणि एकीतही माझा उजवा हात मला बदललेला आढळला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गिटारीपेक्षा आपल्या कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात सापडेल, असा माझा अंदाज आहे. तो डाव्या हाताने भरगच्च कॉर्ड धरत असेल आणि आपण त्याच वेळी पहिल्या तीन फ्रेटांवर (गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) उघड्या तारांची तीच कॉर्ड वाजवत असाल, तर २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोघांची दाटी होते आणि साऊंडवाला तो पट्टा कापून मोकळा होतो. कापले जाता आपण. कॉर्ड पाचव्या फ्रेटच्या वर नेऊन फक्त डी, जी आणि बी या तीन तारांवर धरून पाहा. ढोलक आणि ऑक्टोपॅड केरवा वाजवत असतील, तर त्यांच्या प्रत्येक मात्रेवर हात मारण्याचे कारण नाही. अमेरिकेतील काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात १९३७ साली दाखल झालेले फ्रेडी ग्रीन १९८७ मध्ये निधन होईपर्यंत तिथे ऱ्हिदमच वाजवत राहिले, आणि तेही जवळजवळ सगळे आयुष्य अ‍ॅम्प्लिफायरविना. संपूर्ण ब्रास सेक्शनच्या (पितळी फुंकवाद्यांच्या) शेजारी बसून ते अनेकदा एक-दोन स्वरांचीच कॉर्ड वाजवत. पण ते स्वर दुसरे कोणी वाजवत नसे.

जंक्शनवाला (भुसावळ)

मी गिटार दुरुस्तीची कामे करतो. मुळात मी सुतार आहे, हे सांगितलेले बरे. वरील उत्तराला एवढीच पुरवणी जोडतो की, नवी गिटार घेण्याआधी हातातल्या गिटारीचा सेटअप (मान, तारांची उंची वगैरे नीट लावणे) शेवटचा कधी झाला ते आठवून पाहावे. "सेटअप म्हणजे काय" असे विचारणारेच लोक माझ्याकडे नव्या गिटारीचा सल्ला मागायला येतात.

आपल्याकडचा उन्हाळा हा पंचेचाळीस अंशांचा आणि अगदी कोरडा. लाकडातील ओल उडून गेली की फ्रेटबोर्ड रुंदीत किंचित आकसतो, पण फ्रेटची पट्टी धातूची असल्याने ती आकसत नाही. मग तिची टोके मानेच्या कडेला बाहेर येतात आणि बोट सरकवताना करवतीसारखी लागतात. उन्हाळ्यात मान सरळ होत जाते व तारा फ्रेटांवर खडखडतात. पावसाळ्यात तीच मान पुढे वाकते व तारा उंच होतात. उंच तारा दाबण्यासाठी जोर लावला की स्वर चढतो. एकेका स्वरात तो चढ कळत नाही, कॉर्डमध्ये मात्र लगेच कळतो, कारण तिथे चार तारा वेगवेगळ्या प्रमाणात चढलेल्या असतात. लीडवाला एका वेळी एकच स्वर वाजवत असल्याने त्याचा चढ झाकला जातो, ऱ्हिदमवाल्याला ती सोय नाही. त्यामुळे माझ्या मते नीट लावलेल्या गिटारीची गरज लीडपेक्षा ऱ्हिदमला अधिक आहे, आणि नेमके ऱ्हिदमवालेच तारा तुटेपर्यंत बदलत नाहीत. परवाच एकाची गिटार आली होती. खालच्या तीन तारांवर घामाचा आणि हळदीचा असा थर होता की नखाने खरवडला तर पिवळी पूड पडत होती.

पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे पाव मिलिमीटर फट दिसली तर मान ठीक आहे, नाहीतर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) थोडा फिरवावा लागेल. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. जोरात वाजवणाऱ्याने ९-४२ च्या पातळ तारा सोडून १०-४६ च्या जाड लावाव्यात, म्हणजे जोरदार स्ट्रोकवर तार सुरातून हलत नाही.

टेलिकास्टरविषयी एक गोष्ट. नेहमीच्या टेलिकास्टरचे दोन्ही पिकअप (तारांचे कंपन टिपणारे भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे असतात. लग्नाच्या मंडपात जनरेटर आणि दिव्यांचे डिमर चालू असताना सिंगल कॉइल पिकअप जी गुणगुण पकडतो, ती ऐकून आपल्याला पुन्हा रात्री झोप येणार नाही. आपल्या पॅसिफिकात ब्रिजजवळ (तारा अंगाला जिथे टेकतात तिथे) हमबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप असेल, तर मंडपात तो वापरा.

बोरीकाठ (मूळचा अमळनेरचा, सध्या नाशिक)

मी लीड वाजवतो, त्यामुळे आरोपीच्या बाजूने थोडे बोलू द्यावे. ऑर्केस्ट्राच्या एका संध्याकाळी आम्हाला साठच्या दशकातले ट्विस्टवजा गाणे, सत्तरच्या दशकातले वा-वा पेडलवरचे गाणे, नव्वदीतले स्वच्छ आवाजाचे गाणे आणि शेवटी नाचण्यासाठीचे अहिराणी गाणे असा चाळीस-पन्नास वर्षांचा प्रवास तीन तासांत करावा लागतो. प्रत्येक ठिकाणी लोकांच्या कानात मूळ ध्वनिमुद्रिकेचा तुकडा पक्का बसलेला असतो आणि तो तसाच उतरला नाही तर मान खाली घालावी लागते. अशा कामाला एक प्रोसेसर लागतोच. पाच पेडल्स लागत नाहीत, हेही कबूल करतो. न फोडलेली खोकी माझ्याही कपाटात होती. प्रत्येक खोक्याबरोबर मी एक अवघड तुकडा बसवण्याचे काम पुढे ढकलत होतो. क्वीन या रॉक बँडचे ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच बनवलेली गिटार, जिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे, ते आजपर्यंत वाजवत आले आहेत, हे मी दर खरेदीच्या आधी स्वतःला सांगतो. निम्म्या वेळा उपयोग होतो.

ऱ्हिदमवाल्याला हाव नसते असे कोणी म्हटले, तर ते मात्र मला पटत नाही. एसी/डीसी या रॉक बँडचे ऱ्हिदमवादक माल्कम यंग यांचे उदाहरण सगळे देतात: एकच ग्रेच गिटार, तिच्यातील मानेकडचा पिकअप काढून टाकलेला, जाड तारा आणि फारसे डिस्टॉर्शन नाही. पण आपला आवाज नेमका कसा हवा हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते वस्तू काढून टाकू शकले. आपल्याला ते ठाऊक नसते म्हणून आपण वस्तू जोडत जातो. मेहरूणकरांना एकच सुचवतो: काही घ्यायचेच असेल तर कॉम्प्रेसर घ्यावा. हलका आणि जोरदार स्ट्रोक यांतील अंतर तो कमी करतो, त्यामुळे गर्दीच्या वाद्यमेळात गिटार बुडत नाही.

पांझरेकाठचा (धुळे)

कॉम्प्रेसरबाबत माझा स्पष्ट मतभेद नोंदवतो. हलका आणि जोरदार स्ट्रोक यांतील अंतर म्हणजेच ऱ्हिदम. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जो ठसका यायला हवा, तोच हे यंत्र इस्त्री केल्यासारखा सपाट करते. स्टुडिओत त्याला जागा आहे. ज्याचा हात अजून स्वतःहून समतोल झालेला नाही, त्याने हे पेडल दूर ठेवावे.

मेहरूणकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला गणेशोत्सव उलटून गेला, त्याबद्दल क्षमस्व. भुसावळला जाऊन फ्रेटची टोके घासून घेतली, १०-४६ च्या तारा लावल्या आणि मान सरळ करून घेतली. सगळे मिळून चौदाशे रुपये झाले. कॉर्ड डी, जी आणि बी या तीन तारांवर आणायला मला अपेक्षेपेक्षा फार जड गेले. अकरा वर्षांची सवय असल्याने जी कॉर्डवर हात आपोआप तिसऱ्या फ्रेटवर जाऊन पडत होता आणि तालमीत दोनदा गाणे थांबवावे लागले. कीबोर्डवाल्याशी बोलणे त्याहून जड गेले. त्याला डावा हात कमी वाजवायला सांगणे म्हणजे भरिताच्या पंगतीत पाहुण्याला पुरे म्हणण्यासारखे आहे.

विसर्जनाच्या आदल्या दिवशीच्या कार्यक्रमात माझ्या पुतण्याला शेवटच्या रांगेत मोबाइल घेऊन बसवले होते. त्याच्या ध्वनिमुद्रणात नऊपैकी सहा गाण्यांत माझी गिटार स्वच्छ ऐकू येते. उरलेल्या तीन गाण्यांत ऑक्टोपॅडखाली ती पूर्ण गाडली गेली आहे. लीडवाल्या मित्राने ते ऐकले आणि काहीच बोलला नाही, यातच मी समाधान मानतो.

गच्चीवर पत्रे बसले. टेलिकास्टरचे एक छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवले आहे, बाकीची काढून टाकली. मात्र त्याच मित्राने त्याच्याकडील न फोडलेल्या खोक्यांपैकी एक मला निम्म्या किमतीत देऊ केले आहे आणि त्यात नेमका कॉम्प्रेसर निघाला आहे. बोरीकाठ आणि पांझरेकाठ या दोघांची मते वाचली असूनही पुन्हा विचारतो: घेऊ का?

पांझरेकाठचा (धुळे)

ते खोके आहे तसेच चिकटपट्टीत राहू द्या आणि आधी मला एवढे सांगा, की त्या सहा गाण्यांत कीबोर्डवाल्याचा डावा हात खरोखर थांबला होता, की साऊंडवाल्याने त्याचा आवाज उतरवला होता?