तार म्हणजे अँटेनाच
एकांनी लिहिलंय की विजेच्या तारेतून नेट आलं तर हॅमवाल्यांना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, कसला त्रास, सिग्नल तर तारेतच राहतो. नाही हो राहत! हे नेट साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये चालतं, म्हणजे नेमकं आमचं एचएफ (लांबवर बोलायला वापरतो त्या रेडिओलहरींचा पट्टा), आणि विजेच्या तारेला शिल्डिंग (सिग्नल आत अडवणारं धातूचं आवरण) नसतं त्यामुळे ती अँटेनासारखी सगळीकडे फेकत सुटते. आमच्या फोंड्यात शेजारी पॉवरलाइन अडॅप्टर (घरच्या वायरिंगमधून नेट नेणारं यंत्र) लावला तर माझ्या ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या हॅम बँडवर, नुसती खरखर, काढला की बँड साफ. २०२१च्या तौक्ते वादळात लाईट गेलेली आठवतेय ना, अशा वेळी बॅटरीवरचा हाच एचएफ कामाला येतो. खरखर असेल तर रेडिओ बॅटरीवर लावून घरचा मेन स्विच बंद करून ऐका, तरीही राहिली तर बाहेरून येतेय.