दहा हजार फॉलोअर्सचं लक्ष्य छोट्या धंद्याला हवंच कशाला?

हळकुंड_सांगली (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात छोट्या उद्योजकांच्या एका शिबिराला गेलो होतो. आम्ही हळदवाले, बेकरीवाले, ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे एक गृहस्थ, असे सगळे एका खोलीत. व्याख्यात्यांनी सगळ्यांना एकच लक्ष्य लिहायला लावलं : "दिवाळीपर्यंत दहा हजार फॉलोअर्स." लिहिलं सगळ्यांनी. माझं मत उलटं आहे. मांडतो, मग हाणा.

फॉलोअर्सचं लक्ष्य छोट्या दुकानानं ठेवूच नये. जे दुकानाच्या वहीत उतरतं तेवढंच लक्ष्य.

माझंच घ्या. यार्डातून राजापुरी हळकुंड घ्यायचं, दळायचं, अर्ध्या आणि एक किलोच्या पिशव्या भरायच्या. नवी हळद फेब्रुवारीच्या सुमाराला सौद्याला यायला लागते, आणि घरोघरी वर्षाची चटणी-हळद करून ठेवायची ती मार्च ते मे. माझं वर्ष या तीन-चार महिन्यांचं. दिवाळीशी माझा संबंध उटण्यापुरता.

म्हणून माझं लक्ष्य असं : मेअखेरपर्यंत सांगली-मिरज-कुपवाडमधली शंभर नवी घरं, प्रत्येकी निदान एक किलो, आणि गेल्या वर्षीच्या घरांपैकी निम्मी पुन्हा. एवढं लिहिलं की बाकीचं आपोआप ठरत जातं. हद्द ठरली, म्हणजे पोस्ट बूस्ट करताना (पैसे भरून जास्त लोकांना दाखवताना) अख्खा महाराष्ट्र निवडायचा नाही, शहराभोवतीचे पंधरा-वीस किलोमीटर बास. हंगाम ठरला, म्हणजे पावसाळ्यात रील काढत बसायचं नाही. 'पुन्हा' आलं, म्हणजे इन्स्टापेक्षा व्हॉट्सॲपची यादी महत्त्वाची. मोजायचं कसं? ऑर्डर घेताना विचारायचं, "आमचं कुठं कळलं?" उत्तर वहीत. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल लावायची सोय आहे, ती फुकट आहे आणि कुणी वापरत नाही.

इन्स्टाच्या व्यावसायिक खात्यात फॉलोअर्स कोणत्या शहरांतले ते दिसतं. आमची हळद शिजवण्याची रील बरी चालली. वाफा बिफा छान दिसतात. मग यादी उघडली तर वरच्या शहरांत सांगलीचं नाव नाही. लांबच्या माणसानं किलोभर हळद मागवली तर कुरिअरचाच भुर्दंड केवढा! अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

रीलमास्तर

मी सांगलीच्या विश्रामबाग भागात बसून दुकानांची सोशल मीडियाची कामं करतो. माझा स्वार्थ आधीच सांगितलेला बरा.

सरसकट सगळ्यांना दहा हजार, हे चूकच. पण तुमचं 'शंभर घरं' हेसुद्धा लक्ष्य नाही, नवस आहे. त्यातलं तुमच्या हातात काय? यंदा हळदीचा भाव चढला, शेजारच्यानं किलोला वीस रुपये कमी लावले, शंभराची साठ झाली, तर त्यात पोस्टचा काय दोष? पण जूनमध्ये तुम्ही म्हणणार, "सोशल मीडियात काय राम नाही," आणि खातं धूळ खात पडणार. अशी खाती मी रोज बघतो.

मी लक्ष्य देतो ते कामाचं. आठवड्याला दोन रील, रोज एक स्टेटस, आलेल्या प्रत्येक मेसेजला दुकान बंद व्हायच्या आत उत्तर, सहा महिने न चुकता. पी हळद नि हो गोरी असं होत नसतं, हे हळदवाल्याला मी सांगायचं का?

आणि सांगलीबाहेरच्यांवर एवढा राग का? 2020 च्या जुलैत इन्स्टाच्या रील आपल्याकडं आल्या. रील फॉलोअर नसलेल्यांनाही दाखवली जाते. त्यामुळे मीही हल्ली फॉलोअर्स बघत नाही, किती जणांनी सेव्ह केली आणि किती जणांनी पुढं पाठवली ते बघतो. सांगलीची लेक हिंजवडीत नोकरीला आहे. ती रील बघते आणि खणभागातल्या आईला पाठवते. आई तुमच्याकडं येते. तुमच्या वहीत काय उतरतं? "लेकीनं सांगितलं." झालं, इन्स्टाच्या नावापुढं भोपळा.

अडत_दुकान

चाळीस वर्षं हळदीत आहे. हरिपूरच्या पेवातली (जमिनीखालच्या कोठारातली) हळद कुणी रील बघून घेतली नाही. वखार, नमुना, जबान आणि वेळेवर पैसे, एवढ्यावर परमुलखातला व्यापारी डोळे झाकून गाडी भरतो. 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा बिल्ला पाकिटावर रीतसर नोंदणी करून कसा लावता येईल ते बघा आधी. लक्ष्य म्हणे.

हळकुंड_सांगली

@अडत_दुकान : काका, तुमचं गिऱ्हाईक पोत्यानं घेतं, माझं किलोनं. तुमच्याकडं दहा व्यापारी सांभाळले की वर्ष निघतं. मला एवढी घरं जबानीवर कशी मिळणार? मानांकनाचं मात्र पटलं.

@रीलमास्तर : हिंजवडीच्या लेकीचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर विचार करतो. पण कामाचं लक्ष्य तुम्हाला आवडणारच, कारण तुमचं बिल त्यावर निघतं. आठ रील टाकल्या, आठ रीलचे पैसे. विकलं गेलं का, हा प्रश्न तुमच्याकडं येतच नाही.

वाळवण_विटा

मला तर लक्ष्य कमी ऑर्डरींचं ठेवावं लागतं, हसू नका.

कुरड्या, सांडगे, उपवासाच्या पापड्या करते. मी, जाऊबाई आणि गल्लीतल्या दोघी. गच्चीवर ऊन जेवढं तेवढाच माल. भाचीनं कुरड्या घालतानाची रील टाकली, ती कुठल्या कुठं गेली. लखनौपासून फोन. सगळ्यांना हो म्हणत गेलो आणि दरवर्षी न सांगता दहा किलो नेणाऱ्या बायका रिकाम्या हातानं गेल्या. त्यातल्या काही अजून रुसलेल्याच आहेत. रीलचं कौतुक करणारे लखनौवाले पुन्हा फिरकले नाहीत.

तेव्हा पहिला प्रश्न, महिन्याला आपण किती करू शकतो? त्याच्या पुढचं लक्ष्य कागदावर सुद्धा लिहू नये. मी आता फेब्रुवारीतच व्हॉट्सॲपवर जुन्यांची नावनोंदणी घेते, निम्मे पैसे आगाऊ. ती भरली की उरलेलं इन्स्टावर. उरलंच नाही तर पोस्टच टाकत नाही. रीलमास्तर म्हणतात तसं सहा महिने न चुकता रोज स्टेटस टाकला तर मी वाळवण कधी घालू?

रीलमास्तर

ताई, तुमचं खरं. पण तुमच्याकडं गिऱ्हाईक रांगेत आहे, धागाकर्त्याकडं नाही. ज्याला अजून कुणी ओळखत नाही त्यानं काय करावं?

मोटर_रिवाइंडिंग

त्या शिबिरातला ट्रॅक्टरवाला मीच. सुटे भाग आणि मोटर रिवाइंडिंग. मी पण दहा हजार लिहून आलो, वहीचं पान फाडून टाकलं.

माझ्या धंद्यात मोटर जळाल्याशिवाय माझी आठवण कुणाला येत नाही, आणि यावी तरी का. रात्री मोटर जळली की माणूस इन्स्टा उघडत नाही, गुगलवर "जवळचं रिवाइंडिंग" शोधतो. तिथं आपलं नाव, बरोबर वेळ, लागणारा फोन आणि चार बरे अभिप्राय दिसले पाहिजेत. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलला पैसे पडत नाहीत. तिथून किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, तेही दिसतं. माझं लक्ष्य एकच, काम झालेल्या गिऱ्हाइकाकडून जागेवर अभिप्राय लिहून घेणं. पोरगं फोन पुढं करतं, तो लिहितो. बास.

जवारी_मिरज

वरच्या सगळ्यांशी असहमत, धागाकर्त्याशी सगळ्यात जास्त.

आमच्या घरात तंबोरे आणि सतारी होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळालं, ते 2024 मध्ये. गाणं शिकणारी मुलगी आज सोळा वर्षांची आहे. ती इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज करते. खरा तंबोरा कधी घेईल? विशारद झाल्यावर, नोकरी लागल्यावर, कदाचित लग्नात वडील देतील. तोवर ती नुसती बघत राहणार : भोपळा कसा निवडतात, जवारी (घोडी घासून तारेला आणलेला गुंजता नाद) कशी काढतात, खुंटी का घसरते. हंगामाच्या वहीत ती कुठंच नाही. तुमच्या नियमानं मी दुसऱ्या वर्षीच खातं बंद केलं असतं.

फॉलोअर म्हणजे आमच्याकडं पुढच्या दहा वर्षांचं गिऱ्हाईक. ते कोणत्या शहरातले हे मीही बघतो, पण उलट्या हेतूनं. पुणे, धारवाड, कोलकाता वर दिसली की बरं वाटतं. गल्लीतले दिसून उपयोग काय, ते दारात येतातच.

तरी आकड्याच्या मागं मी लागत नाही. महिन्याला किती जणांनी वाद्याबद्दल नेमका प्रश्न विचारला, ते मोजतो. "छान", "वाह दादा" धरत नाही. "दमट हवेत जवारी बसते का?" असं विचारणाऱ्याच्या घरात वाद्य असतं किंवा येणार असतं. आणि त्यातनं आज पैसे मिळतात ते दुरुस्तीचे. नव्या वाद्यापेक्षा दुरुस्तीनं घर चालतं, हे बाहेर कुणाला माहीत नसतं.

भडंग_प्रेमी

सांगलीचा धागा आणि अजून भडंगाचा उल्लेख नाही. तीव्र निषेध. चालू द्या.

बेदाणा_तासगाव

@जवारी_मिरज : प्रश्न मोजण्यात एक खोड आहे. वाद्याचा प्रश्न विचारणारा दर्दी असतो. बेदाण्यात "भाव काय?" विचारणारे ढीगभर, त्यातले बरेच दुसरे व्यापारीच. तो आकडा मोजून मी बरेच दिवस खूश होतो. आमच्यात पत्ता दिलेला माणूस तेवढा खरा. बाकी टाइमपास.

खातेवही

माझा धंदा हिशेब लिहायचा आहे, म्हणून धागाकर्त्याचंच लक्ष्य हिशेबाला लावून बघतो. आकडे समजुतीसाठी.

बूस्टवर 3000 रुपये घातले. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3540. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत) असाल तर तो कर परत मिळत नाही, खर्चातच धरा. त्यातून समजा तीस नवी घरं आली. घरामागे 118 रुपये पडले. एक किलो हळदीत तुम्हाला 118 रुपये सुटतात का? नाही सुटणार. म्हणजे पहिल्या वर्षी प्रत्येक नवं घर तोट्यात. तेच घर पुढच्या दोन-तीन वर्षी फुकटात परत आलं तरच पैसे निघतात.

त्यामुळे तुमच्या वाक्याचा क्रम उलटा आहे. 'शंभर नवी' आधी आणि 'निम्मी पुन्हा' शेपटाला, असं लिहिलंय. निम्मी पुन्हा येत नसतील तर शंभर नवी आणणं म्हणजे तोटा वाढवणं. आधी जुनी घरं का गळतात ते शोधा.

त्यातही एक गोम आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. तुम्हाला वाटतं दोनशे घरांना कळवलं, पोचलेलं असतं कितीतरी कमी जणांना. म्हणून यंदाचं पहिलं लक्ष्य, किती घरांनी नंबर सेव्ह केला. पिशवीवर छापा, वाटल्यास सेव्ह करणाऱ्याला पन्नास ग्रॅम हळद वर द्या. ते इन्स्टावर दिसत नाही, कुणाला दाखवून मिरवताही येत नाही.

एक सावधगिरी जवारीवाल्यांसाठी. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं 1975 मध्ये म्हटलं होतं ते थोडक्यात असं, की एखाद्या मोजमापावर नियंत्रण बेतायला लागलं की ते मोजमाप भरवशाचं राहत नाही. उद्या 'महिन्याला पन्नास प्रश्न' असं ठरवलंत की तुम्हीच मुद्दाम अर्धवट माहिती टाकायला लागाल, लोकांनी विचारावं म्हणून.

जवारी_मिरज

@खातेवही : हाहा, धाकट्या भावानं हे सुचवून झालंय.

अडत_दुकान

खातेवहीवाले बोलले ते आमच्या भाषेत. जुनं गिऱ्हाईक का गळतं? माल बदलला की. गेल्या साली राजापुरी दिलीत, यंदा भाव चढला म्हणून सेलम मिसळलीत, रंग-वास बदलला, घरच्या बाईला पहिल्या फोडणीत कळतं. मग कितीबी स्टेटस टाका.

कृष्णाकाठ

एक विसरताय सगळे. सांगलीत ऑगस्टसाठी लक्ष्य लिहायचं नसतं. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा पूर. आमचं दुकान मारुती रोडला. त्या दिवसांत स्टेटसवर एवढंच होतं : माल वरच्या मजल्यावर हलवलाय, माणसं सुखरूप. आमच्या सगळ्या पोस्टांत सर्वांत जास्त उत्तरं त्याला आली. कुठल्या लक्ष्यात बसवणार ते?

हळकुंड_सांगली

अडतकाका, मिसळत नाही हो. पण दोन वर्षांच्या दोन लॉटमध्ये रंगाचा फरक पडला होता, तो मी कुणाला सांगितला नव्हता हे खरं. हंगामाच्या सुरुवातीलाच "यंदाची हळद जरा फिकी आहे, वास तोच" असं यादीवर टाकलं तर? पोस्टचा विषय मिळाला.

खातेवहींचा क्रम घेतो : आधी सेव्ह झालेले नंबर, मग परत आलेली घरं, नव्या घरांचा आकडा शंभरावरून चाळीसवर. जवारीवाल्यांचं पटलं, पण त्यांच्यापुरतं. हळद संपते, तंबोरा संपत नाही, म्हणून दहा वर्षं वाट बघायची ऐपत त्यांच्या धंद्यात आहे, माझ्या नाही. आणि फॉलोअर्सचा आकडा मी अजूनही लिहिणार नाही.

रीलमास्तर, तुमच्यासाठी काम आहे. फेब्रुवारी ते एप्रिल, फक्त जिल्ह्यापुरतं. बिल परत आलेल्या घरांवर.

रीलमास्तर

परत आलेल्या घरांवर? घर परत येतं तुमच्या हळदीमुळे, बिल अडकणार माझं! निम्मं कामावर द्या, निम्मं नव्या घरांवर. आणि ऑर्डर घेताना "कुठं कळलं?"च्या जोडीला "कुणी पाठवलं?" हेही विचारायचं, नाहीतर हिंजवडीची लेक पुन्हा हिशेबाबाहेर.

हळकुंड_सांगली

दुसरा प्रश्न मान्य. निम्म्याचं नाही. तीस टक्के कामावर.

वाळवण_विटा

बिलाचं व्यनित (खाजगी निरोपात) बोला की हो.